काशीरामभाऊंसाठी जोडीदार

नव्या मिशनरींचं स्वागत करायचं आणि त्यांना जुन्या मिशनरींबरोबर जोडून द्यायचं, हे काम माझ्याकडे कसं आलं ते मला सांगता येणार नाही, कारण त्या मीटिंगला मी नव्हतो. दाढ काढायला गेलो होतो. आमच्या मंडळीत जो मीटिंगला हजर असतो त्याला चहा मिळतो आणि जो नसतो त्याला जबाबदारी मिळते. रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "उजगरेसाहेब, प्रभूने तुमची निवड केलीय." मला प्रभूला काही मुद्दे सांगायचे होते, पण गाल सुजून तोंड उघडत नव्हतं. मौन म्हणजे संमती असं मानणारे आमच्यातही पुष्कळ आहेत.

काम ऐकायला सोपं होतं. आमच्या मिशनमध्ये मिशनरी एकटा कधीच राहत नाही. नवा आला की सहा महिने तो जुन्या माणसाबरोबर राहतो, त्याच्याबरोबर चालतो, जेवतो, प्रार्थना करतो आणि काम शिकतो. शिकवणारा तो थोरला, शिकणारा तो धाकटा. जोडी मोडून कुणी एकटा उरला, की मुख्य कचेरी त्याला परत बोलावून घेते. यंदा पनवेलला दोन धाकटे यायचे होते आणि इथे दोन थोरले वाट बघत होते. दोनाला दोन. यात डोकं चालवण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं, आणि तिथेच मी डोकं चालवायला घेतलं.

थोरल्यांपैकी रमेश चाळिशीचा. उलव्याच्या बांधकामांवरच्या मजुरांमध्ये काम करतो आणि अखंड बोलतो. लिफ्ट बंद असली तर सात मजले बोलत चढतो. दुसरे काशीरामभाऊ साळवे, वय बासष्ट. गेली बावीस वर्षं कोनच्या पलीकडे वीटभट्ट्यांजवळ एक कातकरी वाडी आहे तिथे रोज जातात. पोरांना शाळेत सोडतात, बायांना सरकारी दवाखान्यात नेतात, कुणाला प्रार्थना हवी असेल तर प्रार्थना करतात, नको असेल तर तापाची गोळी देतात. आणि बोलत नाहीत. अजिबात नाही असं नव्हे, पण दिवसाला दहा-अकरा शब्द, तेही जेवणाच्या आसपास.

मुख्य कचेरीचं पत्र आलं ते त्यांच्याबद्दलच होतं. "श्री. काशीराम साळवे यांचेकडून आजवर पाच धाकटे निघून गेले आहेत. यंदाची जोडी पंधरा दिवसांच्या अहवालापर्यंत न टिकल्यास त्यांना नगर येथील विश्रांतिगृहात पाठविण्यात येईल." ते विश्रांतिगृह मी पाहिलंय. आठ खाटा, एक टीव्ही आणि रिमोट व्यवस्थापकाच्या खिशात. नाश्ता झाला की सगळे जेवणाची वाट बघत बसतात. मी ते पत्र काशीरामभाऊंना वाचून दाखवलं तेव्हा ते चहाचा कप विसळत होते. "बरं," म्हणाले. कप पालथा घातला, आणि मग तोच कप उचलून पुन्हा विसळला.

मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली आहेत. माणसावर माझा विश्वास कमी-जास्त होतो, फॉर्मवर कधीच नाही. मी एक फॉर्म तयार केला, प्रश्न बावीस. भात की भाकरी. पंखा कितीवर. पहाटे स्वतः उठता की उठवावं लागतं. दिवसभरात बोलण्याचं प्रमाण: अल्प, मध्यम की अनावर. चौघांना व्हॉट्सॲपवर पाठवला, उत्तरं आली, मी गुण मांडले. रमेश आणि येणाऱ्यांपैकी शैलेश यांचे बावीसपैकी एकोणीस जुळले, दोघांनीही 'अनावर'वर खूण केली होती. काशीरामभाऊ आणि दुसरा नवा मुलगा प्रणित यांचे एकवीस जुळले. दोघांनीही बहुतेक रकाने कोरे सोडले होते, आणि कोऱ्याशी कोरं जुळतं.

आमच्या शेजारच्या भावेशभाईंना मी हे दाखवलं. हार्डवेअरचं दुकान आहे त्यांचं, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर सल्ला तयार असतो, ऑर्डर देऊन करवून घ्यावा लागत नाही. "बावीसमधून एकवीस?" ते म्हणाले. "सुदामभाई, हे तर फस्क्लास झालं. माझे आणि हेतलचे छत्तीसपैकी चौतीस गुण जुळले होते."

आतून हेतलबेन म्हणाल्या, "म्हणून तर."

स्वागताचा दिवस उजाडला. पनवेलच्या एस.टी. स्टँडवर मी, रमेश, ढोलकी, दोन झेंडूचे हार आणि 'सुस्वागतम्'चा बॅनर असे साडेनऊपासून उभे होतो. काशीरामभाऊ नेहमीप्रमाणे वाडीवर गेले होते. पुण्याची गाडी लागली. एक तरुण मुलगा बॅग घेऊन उतरला, बिचकून इकडेतिकडे बघू लागला. नव्या मिशनरीने जसं बघायला हवं तसंच तो बघत होता. रमेशने ढोलकी धरली, मी हार घातला, दोन कडवी झाली, फोटो झाला. मुलाने हात जोडून सगळं स्वीकारलं आणि मग हळूच विचारलं, "काका, कुठल्या पक्षाचं आहे?"

आमचे खरे दोघे एक्सप्रेसवेच्या बसने येऊन कळंबोलीला उतरले होते, शेअर रिक्षाने विचारत विचारत आमच्या घरी पोचले होते आणि आमच्या मंडळींनी, म्हणजे माधुरीने, त्यांना पोहे देऊन स्वागत आटोपलंही होतं. मी एक हार आणि बॅनर घेऊन घरी आलो तेव्हा शैलेश तिला स्वतःची सबंध जीवनकथा सांगत होता आणि प्रणित पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत होता. "आलात?" माधुरी म्हणाली. "तो हार फ्रीजमध्ये ठेवू नका."

आता त्यांच्या राहण्याचं बघा. थोरल्यांची जुनी खोली इमारतीसकट पाडायला घेतली होती, म्हणून चौघांसाठी आमच्याच सोसायटीत तळमजल्याचा फ्लॅट ठरवला होता. मालक तयार होता. पण सोसायटीचे सेक्रेटरी तुळशीरामशेठ पाटील. मूळ इथलेच, वडिलांच्या भातशेतीच्या जागी आता आम्ही सगळे राहतो, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालताना माझा आवाज आपोआप खाली येतो. त्यांनी एक अर्ज दिला. त्यात 'एकमेकांशी नाते' असा रकाना होता. आमच्यात एकमेकांना बंधू म्हणायची पद्धत आहे, आणि हात सवयीचा असतो. मी चौघांपुढे 'बंधू' लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी तुळशीरामशेठ चष्मा लावून बसले होते. "उजगरेसाहेब, चार भाव, चार आडनावं. एक तर तुमच्यापेक्षा दोन वर्सांनी लहान आनि एक तेवीस वर्सांचा. आईचं वय काय हाय?"

मी खुलासा केला. त्यांनी तो शांतपणे ऐकला. "म्हनजे ब्याचलर," ते म्हणाले. "ब्याचलरला आमी जागा देत नाय. तुमी आता पोलिसांचं वेरिफिकेशन आना, मग कमिटीपुढं ठेवतो. कमिटी पंधरा तारखेला बसंल. कोरम झाला तर."

तोपर्यंत चौघे कुठे राहणार, हा प्रश्न मी घरी मांडला नाही, त्याचं उत्तर चार बॅगा घेऊन दारात उभंच होतं. आमचा वन बीएचके. मी माधुरीला सांगितलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "तुमच्या खात्यातले दोन दिवस का कॅलेंडरातले?" माझी रवानगी गॅलरीत वॉशिंग मशिनशेजारी झाली. चौतीस वर्षं सरकारी नोकरी, पेन्शन, मंडळीत वडील म्हणून मान, आणि रोज पहाटे माझ्या कानाशी कुणाचे तरी मोजे गरगरत होते.

पण खरी काळजी वेगळीच होती. रमेश आणि शैलेशची जोडी जमली असावी, कारण दोघेही एकाच वेळी बोलत असत आणि कुणाचंच काही अडत नसे. काशीरामभाऊ आणि प्रणित मात्र सकाळी सातला गुपचूप बाहेर पडत, संध्याकाळी गुपचूप परत येत, शेजारी शेजारी बसून जेवत आणि ताट धुऊन ठेवत. आठ दिवसांत त्यांच्यात मी ऐकलेला एकमेव संवाद 'मीठ' हा होता. तोही प्रणितने हात पुढे केल्यावर काशीरामभाऊंनी दिलेला. मी गॅलरीत पडल्यापडल्या नगरच्या त्या आठ खाटा मोजत असे. हा मुलगाही जाणार, आणि म्हातारा माझ्या डोळ्यांदेखत टीव्हीपुढे जाऊन बसणार.

मी सल्ले घेतले, तीच माझी चूक. पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना करा. माधुरी म्हणाली, "चार दिवस गप्प बसा." हे दोन्ही सल्ले फुकट होते आणि त्यात मला करण्यासारखं काहीच नव्हतं. भावेशभाईंनी मात्र हात झटकून सांगितलं, "अरे, दोन गप्प माणसं एका काउंटरवर ठेवतात का? गिऱ्हाईक पळेल. एक बोलणारा, एक गप्प. अदलाबदली करून टाका." मला पटलं. पटण्यासारखंच होतं, त्यात कृती होती.

नवव्या दिवशी नाश्त्याला मी जाहीर केलं की प्रशासकीय सोयीसाठी जोड्या बदलण्यात येत आहेत. शैलेश काशीरामभाऊंबरोबर, प्रणित रमेशबरोबर. काशीरामभाऊ म्हणाले, "बरं." प्रणितने मान हलवली. मला वाटलं, दोघेही सुटले बिचारे. माधुरीने माझ्या ताटात पोळी वाढली ती जरा लांबूनच.

संध्याकाळी शैलेश घरात शिरला तोच बोलत. "काका, मी तिथे तीन तास बोललो. जाताना बोललो, येताना बोललो. ते एकदाच 'हं' म्हणाले, आणि तेही एका म्हशीला." दुसऱ्या दिवशी त्याचा घसा बसला. प्रणित उलव्याहून आला तो कानांवर हात ठेवूनच आला असावा असा दिसत होता, पण बोलला काहीच नाही. त्याला विचारावं असं माझ्या मनात आलं. पण मी त्या दिवशी पोलीस स्टेशनच्या फॉर्ममध्ये अडकलो होतो.

त्या फॉर्मपायी मी तीन खेपा घातल्या. एकदा फोटो लहान पडला, एकदा फोटो मोठा पडला, एकदा साहेब बंदोबस्तावर होते. चौथ्या खेपेला, जोड्या बदलल्याच्या चौथ्या सकाळी, शिक्का मिळाला. प्रणित गायकवाड नावाचा इसम माझ्याकडे वास्तव्यास असल्याची नोंद झाली. मी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून विजयी मुद्रेने घरी आलो. माधुरी दारातच होती. तिने सांगितलं की तो इसम अंथरुणाची घडी करून, तिच्या पाया पडून, 'येतो' म्हणून तासापूर्वी गेला. तिने त्याला पोळीभाजी बांधून दिली होती. शिक्का बसला तेव्हा तो कळंबोलीला घरी, जालन्याला जाणारी गाडी बघत उभा असणार.

मी खुर्चीत बसलो. रमेश आणि शैलेश आपोआप पुन्हा एकमेकांची जोडी झाले आणि दोघेही एकाच वेळी हळहळू लागले; म्हणजे एकटे उरले ते काशीरामभाऊच. काशीरामभाऊ संध्याकाळी आले, त्यांनी रिकामा कोपरा बघितला, हातपाय धुतले आणि आपली ट्रंक ओढून उघडली. अहवालाला दोन दिवस होते. त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही.

सकाळी त्यांनी माझ्यापुढे वहीचं एक पान ठेवलं. पेन्सिलीने लिहिलेलं. कुठल्या म्हातारीला कुठली गोळी आणि ती कुठे लपवते. कुठलं पोरगं शाळेच्या फाटकातून पळतं. कुणाच्या जातीच्या दाखल्याचं काम कुठल्या टेबलावर अडकलंय. खाली कुणाचं नाव नव्हतं. "कुणाला तरी द्या," ते म्हणाले.

मी म्हणालो, "भाऊ, तो मुलगा तुमच्याकडून तरी बरा सुटला म्हणायचा. आठ दिवस तुम्ही त्याच्याशी एक शब्द बोलला नाहीत."

त्यावर ते बोलले. बावीस वर्षांत मी त्यांना सलग एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. "चांगला पोरगा. पाचवीच्या पोरांना त्यानं भाकरी मोडून अपूर्णांक शिकवले. मला जमलं नव्हतं ते. चालताना माझ्या गुडघ्याच्या बाजूनं चालायचा, आधार लागला तर म्हणून. मी म्हातारा, कंटाळला असेल. त्यानं बदली मागितली, तुम्ही दिली. ठीकच केलंत."

"त्याने मागितली नव्हती," मी म्हणालो. "मला वाटलं, तुम्हाला नको असेल."

"मला कुणी विचारलं?"

कुणी विचारलं नव्हतं. बावीस प्रश्नांचा फॉर्म काढणाऱ्या माणसाने हा एक प्रश्न विचारला नव्हता. मी गॅलरीत जाऊन प्रणितला फोन लावला. तो म्हणाला, "काका, मला वाटलं भाऊंना मी आवडलो नाही. त्यांनीच सांगितलं असेल, हा नको म्हणून. घरीही मी बोलत नाही म्हणून सगळे ओरडतात. तिथे कुणी ओरडत नव्हतं. मला बरं वाटायचं." मला लाज वाटली. या वयात लाज वाटली की घाम येतो, तसा आला. परत ये म्हणालो. तो येणार होता, पण घरी पोचल्याबरोबर वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. महिनाभर डोळ्यांत थेंब घालायला तोच एक मोकळा. "महिन्याने नक्की येतो. भाऊंना सांगा," म्हणाला, आणि पुढे विचारलं, "तोवर त्यांच्याबरोबर कोण?"

मी मुख्य कचेरीला फोन लावला. तिथल्या बाईंनी सगळं सहानुभूतीने ऐकून घेतलं आणि सांगितलं की अहवालात धाकट्याच्या रकान्यात नाव हवं. रजेवर चालत नाही, लवकरच येणार चालत नाही, आणि रकाना कोरा तर मुळीच चालत नाही. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. पण मीही आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो होतो, त्यामुळे त्या बाईंच्या पाठीशी मला माझंच खातं उभं दिसत होतं.

मग मी मिशनची नियमावली काढली आणि चष्मा लावून वाचली. नव्या मिशनरीचं वय एकवीसच्या खाली नसावं, असं त्यात स्पष्ट होतं. वर किती असावं याबद्दल कुणी काही लिहिलं नव्हतं. लिहायची गरज पडेल असं कुणाला वाटलं नसणार.

अहवालात 'जोडी बदलण्याचे कारण' असा रकाना होता. आमच्या खात्यात अशा जागी 'सदर बाब नजरचुकीने घडली' असं लिहायची पद्धत आहे, म्हणजे नजर कुणाची ते कळत नाही. मी मात्र लिहिलं: चूक माझी. दोन शब्द, पण हात दुखला. त्याच्या खाली धाकट्याचं नाव: सुदाम उजगरे. वय चौसष्ट. कालावधी एक महिना. अनुभव: नाही.

माधुरीने अहवाल वाचला. मला वाटलं, हसेल. तिने विचारलं, "गुडघे?" मी म्हणालो, "बघू." ती कपाटातून कानटोपी घेऊन आली. भावेशभाई मात्र दारात उभे राहून कळवळून म्हणाले की मी जरा जास्तच मनाला लावून घेतलंय, आणि एका जुन्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगू लागले. ती ऐकायला मी थांबलो नाही, हे मी त्या पंधरवड्यात केलेलं पहिलं शहाणपणाचं काम.

पहिल्या सकाळी काशीरामभाऊ सातला दारात उभे होते. माझ्या नावाचा कागद त्यांनी वाचला होता. कापडी पिशवी माझ्या हातात दिली. धाकट्याने पिशवी उचलायची असते. तीत पोरांच्या पाट्या होत्या, म्हातारीच्या गोळ्या होत्या आणि वजन होतं. कोनपर्यंत रिक्षा, पुढे पायी. जानेवारीची थंडी, भट्ट्यांचा धूर, आणि हायवेच्या ट्रकांचे हॉर्न. मी रस्ताभर बोलत होतो. शेवटी मी माफी मागितली, कारण ती मागितल्याशिवाय पुढे पाऊल पडेना. काशीरामभाऊ थांबले, माझ्या हातातली पिशवी दुसऱ्या हातात बदलून दिली, जड हात मोकळा झाला, आणि पुन्हा चालू लागले.

वाडीच्या तोंडाशी पारू नावाची एक बाई चुलीपुढे बसली होती. तिने आमच्या मागे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. "भाऊ, तो पोऱ्या नाय आला?"

"महिन्यानं येईल," काशीरामभाऊ म्हणाले. "तोवर हा नवा आहे."

पारूने माझी कानटोपी पाहिली, बाहेर आलेले पांढरे केस पाहिले, एका बाजूला झुकलेली पाठ पाहिली. "ह्यो नवा?"

काशीरामभाऊंनी माझ्याकडे एकवार नीट बघून घेतलं.

"बोलतो फार," ते म्हणाले. "पण शिकेल."

चौतीस वर्षांत माझ्या गोपनीय अहवालात एवढं चांगलं कुणी लिहिलं नव्हतं. हे त्यांना सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण मग पिशवीतून पाट्या काढायला घेतल्या.